पाचव्या वर्गाची शर्यत : संभाव्य विजेता ठरवण्याचे शास्त्र आणि त्याच्या सीमा

१. प्रश्नाची मांडणी

पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात महालक्ष्मी असे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींचे वर्ष विभागलेले असते. चर्चा होते ती डर्बीची. रेसकार्ड मात्र भरते ते हँडिकॅप शर्यतींनी, आणि त्यांत चौथ्या-पाचव्या वर्गाच्या घोड्यांचा वाटा मोठा असतो. हे घोडे क्वचित जिंकतात, एका दिवशी चांगले धावून पुढच्या वेळी शेवटून दुसरे येतात. त्यांच्यावर बोलताना जुना पंटरही ‘यात काही खरे नाही, फ्लूक आहे’ असे म्हणून हात झटकतो. या विवेचनाचा विषय तोच आहे. खालच्या दर्जाच्या शर्यतीत संभाव्य विजेता पद्धतशीरपणे सांगता येतो का, आणि येत असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत?

प्रथम ‘टिप’ कशाला म्हणायचे ते ठरवले पाहिजे. ‘चार नंबर जिंकेल’ हे विधान एका शर्यतीपुरते खरे किंवा खोटे ठरते, पण ते करणाऱ्याला किती कळते हे त्यातून समजत नाही. ‘चार नंबरची जिंकण्याची शक्यता २५ टक्के आहे’ हे विधान एका शर्यतीत सिद्ध होत नाही, मात्र अशी शंभर विधाने तपासता येतात. म्हणून येथे टिप म्हणजे शर्यतीतल्या सर्व घोड्यांमध्ये केलेली शंभर टक्क्यांची वाटणी, असे धरले आहे. सर्वांत मोठा वाटा ज्याचा, तो संभाव्य विजेता.

२. हँडिकॅपचे यंत्र

हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग दिलेले असते. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो वजन. चौथ्या वर्गासाठी २० ते ४६ आणि तिसऱ्यासाठी ४० ते ६६ अशा पट्ट्या महालक्ष्मीच्या रेसकार्डांत दिसतात. म्हणजे चौथ्या वर्गात ४६ रेटिंगचा घोडा २० रेटिंगच्या घोड्यापेक्षा १३ किलो अधिक वजन घेऊन धावतो. जिंकला की रेटिंग चढते, हरत राहिला की उतरते. सर्व घोडे एकाच क्षणी विनिंग पोस्टवर यावेत, हे रेटिंग ठरवणाऱ्या हँडिकॅपरचे आदर्श उद्दिष्ट असते.

यातून विश्लेषणाचा पहिला नियम निघतो. हँडिकॅपरने जे वजनात मोजले आहे, ते आपण पुन्हा गुण म्हणून मोजायचे नाही. ‘हा घोडा यांच्यात सर्वांत चांगला आहे’ हे बहुधा खरे असते, पण त्याची किंमत त्याच्या पाठीवर आधीच चढवलेली असते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : कोणत्या घोड्याचे आजचे सामर्थ्य त्याच्या रेटिंगपेक्षा वेगळे असण्याला कारण आहे?

वरच्या वर्गात हे कारण बहुधा प्रगती असते. तरुण घोडा महिन्या-दोन महिन्यांत सुधारतो आणि रेटिंग त्याच्या मागे पडते. खालच्या वर्गात असे घोडे थोडे. तेथे घोड्याची मूळ कुवत बव्हंशी माहीत झालेली असते. तो त्या कुवतीपर्यंत केव्हा पोहोचतो, हेच काय ते अनिश्चित असते. म्हणून खालच्या वर्गाचे विश्लेषण मुख्यतः परिस्थितीतल्या बदलाचे विश्लेषण असते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर उभे आहे.

हँडिकॅपच्या यंत्रात तीन फटी आहेत. पहिली विलंबाची. हँडिकॅपर एका वाईट धावेवरून रेटिंग एकदम पाडत नाही, त्यामुळे उतरणीला लागलेला घोडा बराच काळ आपल्या लायकीपेक्षा जड वजन वाहतो. दुसरी तळाची. शर्यतीत वजनाला किमान मर्यादा असते. तिच्याखाली ज्याचे रेटिंग जाते, त्याला हक्काची सूट पूर्ण मिळत नाही, आणि कार्डावर हलका दिसणारा घोडा प्रत्यक्षात जड असतो. तिसरी वर्गांच्या सीमेवरची. पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने ४३ रेटिंगचा घोडा तिसऱ्या वर्गात तळाच्या वजनावर धावू शकतो, तसाच चौथ्यात वरच्या वजनावर. वर्ग उतरला की वजन वाढते. पण समोरचे घोडे मंद होतात, शर्यतीची गती बदलते, आणि तिसऱ्या वर्गात धाप लागून मागे पडणारा घोडा चौथ्यात सहज आघाडी घेऊ शकतो. रेटिंगच्या बेरीज-वजाबाकीत हा फरक दिसत नाही.

३. घोड्यांचे वर्गीकरण

तळाच्या वर्गातले घोडे ढोबळमानाने पाच प्रकारांत बसतात.

(अ) उतरणीचा घोडा : वयाने मोठा, कधीकाळी वरच्या वर्गात जिंकलेला. जुनी कामगिरी पाहून लोक त्याला पैसे लावतात. त्याच्या गेल्या वर्षभरातल्या धावाच पाहाव्यात.

(आ) एका परिस्थितीचा घोडा : ठरावीक अंतर, ठरावीक प्रकारची जमीन, ठरावीक पद्धतीची शर्यत मिळाली तरच धावतो. बाकी वेळी त्याचे रेटिंग घसरत राहते. परिस्थिती जुळते त्या दिवशी तो हलक्या वजनावर असतो. तळाच्या वर्गातले समर्थनीय अंदाज या प्रकारातून सर्वाधिक मिळतात.

(इ) परतणारा घोडा : दुखापत वा आजारानंतर आलेला. पहिली धाव बहुधा तंदुरुस्तीसाठी असते; दुसऱ्या-तिसऱ्या धावेला खरा अंदाज लागतो.

(ई) कच्चा घोडा : फार थोड्या शर्यती धावलेला. माहिती कमी, म्हणून त्याच्याबद्दलची अनिश्चितता दोन्ही बाजूंना मोठी.

(उ) सतत दुसरा-तिसरा येणारा घोडा : कार्डावर त्याचे आकडे देखणे दिसतात. पण वीस धावांत सहा वेळा दुसरा आणि एकदाही पहिला नाही, असा घोडा प्लेससाठी चांगला आणि विनसाठी महाग असतो. देखण्या आकड्यांमुळे रेटिंग खाली येत नाही आणि भावही पडतो.

प्रकार ठरवल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. शेवटच्या धावेत आठ लेंग्थने (घोड्याच्या लांबीने) हरणे हा (अ) साठी ऱ्हासाचा पुरावा आहे. (आ) साठी, अंतर चुकीचे असल्यास, तो कशाचाच पुरावा नाही.

४. पुराव्यांची प्रतवारी

सर्व पुरावे सारख्या वजनाचे नसतात. त्यांचा उतरता क्रम असा लावता येतो.

अंतर आणि जमीन. तळाच्या वर्गात यांचा प्रभाव सर्वाधिक. १००० मीटरवर दम संपवून जिंकणाऱ्या घोड्याला १४०० मीटरवर शेवटचा टप्पा झेपत नाही. उलट १६०० मीटरचा घोडा १००० मीटरवर धावायला लागेपर्यंत शर्यत संपते. पुण्याच्या सीझनमध्ये पाऊस जमिनीचा स्वभाव आठवड्यागणिक बदलतो. रेलिंगलगतची जमीन वापराने उखडली, तर आतल्या बाजूने धावण्याचा फायदा उलटतो.

शर्यतीची संभाव्य गती. आघाडीवर धावणारे घोडे किती, हे आधी मोजावे. असा एकच घोडा असेल तर तो आपल्या सोयीच्या वेगाने शर्यत चालवतो आणि त्याची शक्यता आकड्यांपेक्षा जास्त असते. असे चार असतील तर ते एकमेकांना थकवतात आणि मागून येणाऱ्याला वाट मोकळी होते. ही मोजणी कार्डावर छापलेली नसते, म्हणून भावातही ती पुरती उतरलेली नसते.

ड्रॉ (सुटण्याच्या फाटकाचा क्रमांक) आणि वळण. येथे साधी भूमिती कामी येते. पूर्ण अर्धवर्तुळाकार वळणावर एक मीटर बाहेरून धावणाऱ्या घोड्याला सुमारे ३.१४ मीटर जास्त धावावे लागते. घोड्याची एक लेंग्थ सुमारे २.४ मीटर. तीन मीटर बाहेरून वळण घेणारा घोडा जवळपास चार लेंग्थ तेथेच गमावतो. मागच्या धावेत चार लेंग्थने हरलेला घोडा कोठून धावला होता, हे पाहिल्याशिवाय त्या पराभवाचा अर्थ लावू नये.

वजन आणि लेंग्थ. ब्रिटिश हँडिकॅपिंगचा संकेत असा की पाच फर्लांगांवर, म्हणजे सुमारे १००० मीटरवर, एक लेंग्थ म्हणजे तीन पौंड. मैलावर सुमारे दोन पौंड. किलोत हे १.४ आणि ०.९ होतात. मागच्या वेळी १००० मीटरवर समोरच्याकडून तीन लेंग्थने हरलेल्या घोड्याला आज त्याच्या तुलनेत चार किलोंची सवलत मिळाली, तर कागदावर दोघे बरोबरीत येतात. मैलावर तीच सवलत चार लेंग्थपेक्षा जास्त भरते. हा संकेत उपयोगी आहे, पण तो सरासरीचा आहे. सर्व घोड्यांना वजन सारखेच जाचते असे नाही.

जॉकी आणि साहित्यातला बदल. अप्रेंटिस जॉकीला मिळणारी वजनाची सूट ही खरी सूट आहे; अननुभवाने तिचा काही भाग परत जातो. मातब्बर जॉकी अचानक तळाच्या वर्गातल्या घोड्यावर बसला तर त्याची दखल घ्यावी, मात्र ही गोष्ट सर्वांनाच दिसते आणि भाव लगेच उतरतो. पहिल्यांदा लावलेली ब्लिंकर्स (डोळ्यांची झापडे) हा लक्ष विचलित होणाऱ्या घोड्यापुरता अर्थपूर्ण बदल आहे.

सकाळचे गॅलप. ‘६०० मीटर ३८ सेकंद, मूव्ह्ड फ्रीली’ अशा नोंदी वर्तमानपत्रांत छापून येतात. पण गॅलपला पाठीवर किती वजन होते, घोड्याला किती रेटले, सोबत कोण होता, हे आकड्यात मावत नाही. तळाच्या वर्गात तर गॅलपला उत्तम आणि शर्यतीत ढिले घोडे पुष्कळ. दीर्घ विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्याची तंदुरुस्ती तपासण्यापुरता हा पुरावा घ्यावा, इतर वेळी क्रमात शेवटी ठेवावा.

‘आज घोडा चालवणार’ ही कुजबुज. ट्रेनरने रेटिंग पाडण्यासाठी घोडा आधी मुद्दाम मागे ठेवला आणि आज तो मोकळा सोडणार, हा तर्क स्टँडमध्ये फार चालतो. असे प्रकार घडू नयेत म्हणून स्टायपेंडियरी स्टुअर्ड प्रत्येक शर्यत पाहतात आणि संशय आला तर चौकशी करतात. विश्लेषणाच्या दृष्टीने या तर्काचा दोष असा की तो कधीच खोटा ठरत नाही. घोडा जिंकला तर ‘चालवला’, हरला तर ‘आजही नाही चालवला’. जे विधान खोटे ठरू शकत नाही, त्याला शक्यतेचा आकडा देता येत नाही. कुजबुजीमागे वर्गबदल, अंतरबदल, जॉकीबदल अशी दिसणारी खूण असेल तर ती खूण मोजावी आणि कुजबूज सोडून द्यावी.

५. शक्यतांची वाटणी

वाटणीची सुरुवात समानतेपासून करावी. आठ घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये काहीच माहीत नसताना प्रत्येकाचा वाटा १२.५ टक्के. पुरावा जसा मिळेल तसा तो वर-खाली करावा. चांगल्या पुराव्यावरही तळाच्या वर्गात एखाद्या घोड्याचा वाटा ३० टक्क्यांच्या पुढे नेताना फार सावध असावे, कारण हँडिकॅपने कुवतीतले फरक पुसलेले असतात आणि उरतो तो प्रामुख्याने दिवसादिवसाचा चढउतार. ब्रिटनमधल्या सपाट शर्यतींत फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) साधारण तीनांत एकदा जिंकतो, आणि हँडिकॅपमध्ये त्याहून कमी वेळा. सर्व बाजाराची एकत्रित अक्कल जेथे एवढ्यावर थांबते, तेथे एकट्या विश्लेषकाने ५० टक्के म्हणणे धाडसाचे आहे.

एका नेत्रदीपक धावेला किती मान द्यावा, याचाही नियम हवा. सहा धावांत पाच सामान्य आणि एक उत्तम असेल, तर पुढची धाव उत्तमाच्या जवळ असण्यापेक्षा सरासरीच्या जवळ असण्याची शक्यता जास्त. अपवाद एवढाच, की ती उत्तम धाव ज्या परिस्थितीत झाली तीच आज पुन्हा जुळत असावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १२०० मीटर, पाचवा वर्ग, आठ घोडे. विश्लेषणाअंती वाटणी अशी ठरली : एक नंबर २४ टक्के, दोन १७, तीन १४, चार १७, पाच १०, सहा ८, सात ६, आठ ४. बेरीज शंभर. संभाव्य विजेता एक नंबर. तरीही चारांत तीन वेळा दुसराच कोणीतरी जिंकेल, हे याच वाटणीत लिहिलेले आहे.

६. बाजाराशी ताळमेळ

समजा, बुकींचे भाव असे आहेत : एक नंबर एकास दोन, दोन नंबर एकास तीन, तीन नंबर एकास पाच, चार नंबर एकास सहा, पुढे अनुक्रमे आठ, दहा, पंधरा आणि वीस. एकास दोन म्हणजे ३३.३ टक्के, एकास तीन म्हणजे २५ टक्के, या हिशेबाने आठही घोड्यांची बेरीज सुमारे १२०.५ टक्के भरते. शंभरावरचे साडेवीस टक्के हा बुकीचा अंतर्भूत वाटा.

आता दोन प्रश्न वेगळे होतात. संभाव्य विजेता एक नंबरच आहे, पण २४ टक्के शक्यतेवर एकास दोन भाव म्हणजे १०० रुपयांमागे, मूळ रक्कम धरून, सरासरी ७२ परत. चार नंबरची शक्यता १७ टक्केच आहे, पण एकास सहा भावाने सरासरी ११९ परत येतात. ‘कोण जिंकेल’ आणि ‘कोणावर लावणे रास्त’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि वर्तमानपत्री टिपांत ती सर्रास एक केली जातात.

बाजार चुकतो तो कोणत्या दिशेने, हेही अभ्यासलेले आहे. १९४९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी दाखवले की लोक लांबच्या भावाच्या घोड्यांना त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटला कमी. पुढे अनेक देशांत हे पुन्हा आढळले, हाँगकाँगमध्ये मात्र ते तसे दिसले नाही. तळाच्या वर्गात ‘काहीही होऊ शकते’ या समजुतीने एकास वीसचे घोडे आकर्षक वाटतात. अनिश्चितता जास्त असणे आणि लांबचा घोडा स्वस्त असणे, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही.

बाजाराचे ज्ञान टाकून देण्यासारखेही नसते. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकी प्रतिमान चालवणाऱ्या बिल बेंटर यांनी १९९४ च्या आपल्या लेखात मांडले की स्वतःचे अंदाज आणि लोकांचे भाव एकत्र केले तर अंदाज सुधारतो. आपली वाटणी आणि बाजाराची वाटणी यांत फार मोठी तफावत पडली, तर आपल्याला काहीतरी दिसले आहे किंवा काहीतरी दिसलेले नाही. तळाच्या वर्गात दुसरी शक्यता आधी तपासावी. घोडा लंगडत असल्याची बातमी कार्डापेक्षा आधी भावात पोहोचते.

७. टिपेची परीक्षा

अंदाजाची गुणवत्ता मोजण्याचे साधन हवामानशास्त्रातून आले. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेल्या मोजणीत सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतल्या फरकाचा वर्ग घेतात आणि त्याची सरासरी काढतात. सरासरी जितकी कमी, तितका अंदाज चांगला. शर्यतींना हे जसेच्या तसे लागू होते. त्याहून सोपी कसोटी अशी : ज्या ज्या घोड्यांना आपण २० टक्के दिले, त्यांतले साधारण पाचांत एक जिंकले का?

ही कसोटी मोठ्या संख्येवरच लावावी. प्रत्येक टिपेची खरी शक्यता २५ टक्के असेल, तर ओळीने दहा टिपा चुकण्याची शक्यता ५.६ टक्के आहे, म्हणजे सीझनभर टिपा देणाऱ्यावर ती पाळी येणारच. शंभर टिपांत २५ बरोबर यायला हव्यात, पण केवळ योगायोगाने १७ ते ३३ यांतला कोणताही आकडा सहज येऊ शकतो. एका शनिवारी चार टिपा लागल्या म्हणून कोणी जाणकार ठरत नाही, आणि महिनाभर काही लागले नाही म्हणून अडाणीही ठरत नाही.

८. शास्त्राची सीमा

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. वरील विवेचन त्या निर्णयाला पुष्टीच देते. अंतर, जमीन, गती, वळण यांचा अभ्यास करणारा अभ्यास न करणाऱ्यापेक्षा सरस अंदाज करू शकतो, तळाच्या वर्गातही.

पण सरस अंदाज आणि नफा यांच्यामध्ये कर उभा आहे. सप्टेंबर २०२५ पासून शर्यतींवरील बेटिंगला वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के आहे, आणि तो बेटच्या पूर्ण रकमेवर धरला जातो. हा कर बेटवर वरून द्यावा लागतो असे धरले, तर वरच्या उदाहरणात चार नंबरवर १०० रुपये लावायला १४० मोजावे लागतात आणि सरासरी ११९ परत येतात. म्हणजे रुपयामागे १५ पैसे तोटा, तोही अंदाज बाजारापेक्षा बराच सरस असताना. ठरावीक मर्यादेपुढच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर उगमस्थानी कापला जातो, आणि त्यासमोर हरलेल्या बेटांची वजावट मिळत नाही.

तेव्हा या शास्त्राचा उपयोग पैसे मिळवण्यासाठी सांगता येणार नाही. तो आहे शर्यत समजून घेण्यासाठी आणि टिपा देणाऱ्यांची पारख करण्यासाठी. टिपस्टरकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. घोड्याची शक्यता किती, कोणत्या भावाच्या खाली ती टिप रद्द समजायची, आणि रेटिंगला न दिसलेला कोणता बदल त्याला दिसला. तिसऱ्याचे उत्तर ‘घोडा चांगला आहे’ एवढेच आले, तर त्याने हँडिकॅपरचेच काम पुन्हा केले आहे. आणि पाचव्या वर्गाच्या बऱ्याच शर्यतींत तिन्हींचे प्रामाणिक उत्तर एकच निघते : वाटणी जवळपास समान आहे, भाव रास्त नाही, या शर्यतीत टिप नाही. जो हे उत्तर छापायला तयार असतो, त्याच्या उरलेल्या टिपा वाचाव्यात.